नट ऐकतो कसा ते पाहा : जुना मराठी सिनेमा तीन बैठकांत समजून घ्यायची रीत

"मारुती कांबळेचं काय झालं?" हे वाक्य 'सामना' न पाहिलेल्यांच्याही तोंडी असतं. पण मास्तर हा प्रश्न विचारतो तेव्हा हिंदुराव धोंडे पाटलाचा चेहरा काय करत असतो, असं विचारलं तर सिनेमा दोनदा पाहिलेली माणसंही थबकतात. संवाद कानात राहतो. अभिनय मात्र पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडून गेलेला असतो, आणि आपली नजर तोवर बोलणाऱ्यावरच खिळलेली असते. पुढची सगळी रीत ही एवढी एक सवय मोडण्यासाठी आहे: नजर बोलणाऱ्यावरून उचलून समोरच्यावर न्यायची.

एका सिनेमाला एक आठवडा द्या. तीन बैठका लागतात: पहिली अडीच तासांची, दुसरी थांबत थांबत साधारण चार तासांची, तिसरी तासाभराची. दोन बैठकांमध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. लागोपाठ पाहिलं तर दुसऱ्या वेळी डोळा थकलेला असतो आणि आपण आठवणीवरच पाहतो.

सिनेमा कोणता घ्यायचा

सुरुवातीला दोन तुल्यबळ नट समोरासमोर असलेला सिनेमा घ्या. त्यासाठी 'सामना'सारखा दुसरा सापडणं कठीण. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचं लेखन, आणि समोरासमोर हिंदुराव झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू. १९७५ साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. मारामारी, पाठलाग यांवर तो उभा नाही. तो उभा आहे दोन माणसांच्या बोलण्यावर, त्यामुळे पाहण्याचा सराव करायला सोयीचा. त्यानंतर 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'कुंकू' (१९३७) घ्या. विनोदी सिनेमा पहिल्या फेरीत घेऊ नका. हसताना नोंद होत नाही, आणि विनोदातलं कसब ओळखायला डोळा थोडा तयार व्हावा लागतो.

आधी प्रत तपासा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळलं की पुढे भलत्याच निष्कर्षांवर वाद घातला जातो. जुन्या सिनेमाच्या फिरणाऱ्या प्रतींत वीस-वीस मिनिटं गायब असतात. टीव्हीवर दाखवण्यासाठी गाणी कापलेली असतात, किंवा मूळ प्रिंटच झिजलेली असते.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसत असेल तर तिथे थांबा. त्यावर लांबी आणि रिळांची संख्या असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर चालते. लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा, फुटांत असेल तर ९० ने. ४००० मीटर म्हणजे १४६ मिनिटं. तुमच्याकडची प्रत १२० मिनिटांची निघाली तर २६ मिनिटं कुठेतरी गेली आहेत. अशा प्रतीवरून "पटकथा मध्येच तुटते" असं म्हणणं लेखकावर अन्याय आहे.

पण १४६ ऐवजी १४० मिनिटं भरली तर घाबरू नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-व्हिडिओची पद्धत २५ चौकटींची होती, म्हणून त्या प्रतींत सगळंच चार टक्क्यांनी वेगात जातं. कापलेलं काही नसतं, पण आवाज किंचित पातळ होतो आणि विराम आखूड होतात. विरामांवर जगणाऱ्या नटाचं यात नुकसान होतं. व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९६ वर ठेवला की बरंच सावरतं. मात्र त्यात आवाजाची पट्टी तशीच राखणारी सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर वेग उतरेल पण आवाज पातळच राहील.

मधूनमधून चित्र उडी मारतं, अर्धं वाक्य खाल्लं जातं. ही उडी रिळाच्या टोकाला आहे का ते बघा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांच्या आसपास संपतं, आणि संपण्याआधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण चमकून जाते. फिल्म लावता-काढताना टोकंच आधी फाटतात, म्हणून झीज तिथेच जास्त. ती उडी संकलकाच्या खात्यावर टाकू नका.

आता टीव्ही. 'संत तुकाराम', 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली चौकट जवळजवळ चौरस असते. रुंद पडद्यावर ती ताणली की सगळे नट जाड आणि बुटके दिसतात. चित्राचं माप 'मूळ' किंवा ४:३ वर आणा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. 'झूम' केलंत तर वरून-खालून चित्र कापलं जाईल, आणि खालून जातात ते नेमके हात. हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सेटिंग बंद करा. आणि खोलीत अंधार करा.

पहिली बैठक: वही नको

पहिल्यांदा सलग पाहा. थांबवणं नाही, मागे जाणं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. मध्यंतराची पाटी आली तर तिथे मात्र दहा मिनिटं खरोखर उठा. आपल्याकडची पटकथा ती दहा मिनिटं धरून लिहिलेली असते. तुमच्या मनात त्या वेळी कोणता प्रश्न लोंबकळत होता, तो एका ओळीत लिहून ठेवा.

सिनेमा संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत, काहीही न बघता, आठवतील ती दृश्यं लिहा. क्रम चुकला तरी चालेल. साधारण दहा-बारा दृश्यं येतात. ही यादी जपून ठेवा. कोणती दृश्यं रुतली ते ती दाखवते, आणि पुढच्या दोन बैठकांत 'का रुतली' याचा शोध घ्यायचा आहे. परीक्षणं या टप्प्यावर वाचू नका. एकदा वाचली की तीच आपली मतं वाटायला लागतात.

दुसरी बैठक: कथानकाची हाडं

एक वही घ्या, पानाचे चार रकाने करा: वेळ, जागा, कोणाला काय हवं आहे, आणि दृश्य संपताना काय बदललं. जागा किंवा काळ बदलला की नवं दृश्य धरा. प्रत्येक दृश्यानंतर थांबवून एक ओळ लिहा. "दोघं बोलतात" ही ओळ चालणार नाही. "आवलीला आजारी पोर बरं व्हायला हवं, आणि ज्याच्या नादाने नवरा संसारातून उठला त्या पांडुरंगाला जाब विचारायचाय" ही, 'संत तुकाराम'मधल्या तुकोबांच्या बायकोबद्दलची, चालेल.

चौथा रकाना रिकामा राहिला तर ते दृश्य एकतर फालतू आहे, नाहीतर तुमच्या हातून काही निसटलंय. चांगल्या सिनेमात बहुतेक वेळा दुसरंच कारण असतं. परत पाहा, आणि या वेळी जो गप्प आहे त्याच्याकडे पाहा.

यादी झाली की एक गंमतीची गोष्ट तपासा: सिनेमा ज्याच्या नावावर आहे तो बदलतो, की त्याच्यासमोरचा? 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा सुरुवातीला जसे आहेत तसेच शेवटी आहेत. हालचाल आहे ती आवलीत: रागात, मायेत, पोटाच्या काळजीत. शेवटी वैकुंठाला निघालेले तुकोबा तिला चल म्हणतात, तर ती संसार सोडून यायला तयार नाही. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी चमत्कारांच्या सिनेमात चुलीला जागा दिली, म्हणून तो आजही जुना वाटत नाही.

'कुंकू'ची यादी करताना हीच गोष्ट आणखी स्वच्छ दिसते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा व्ही. शांतारामांचा सिनेमा. तरुण नीराचं लग्न म्हाताऱ्या वकील काकासाहेबांशी लावून दिलेलं. पहिल्या अर्ध्या भागात प्रश्न असा वाटतो की नीरा हे लग्न मान्य करेल का. ती करणार नाही हे नीरा झालेल्या शांता आपटेंच्या पहिल्या नकारातच कळतं, आणि मग प्रश्न सरकून काकासाहेबांवर येतो: आपण अन्याय केला हे हा माणूस मान्य करेल का? वहीत हा बदल कोणत्या दृश्यापाशी होतो, तिथे लाल खूण करा. तुमची खूण आणि शेजाऱ्याची खूण वेगळी येईल. ते ठीक आहे, दोघांना कारण सांगता आलं पाहिजे. या सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते दृश्यातूनच येतं. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची प्रत्येक नोंद वेगळ्या रंगाने करा आणि म्हाताऱ्याच्या मनःस्थितीशी लावून पाहा.

'पिंजरा' (१९७२) मात्र वरच्या नियमात बसत नाही, म्हणून मुद्दाम घ्यावा. इथे नायकच पुरता बदलतो. गावाला शिस्त लावणारे गुरुजी तमाशाच्या फडात नोकर होऊन राहतात. पण गाव? गावाच्या लेखी गुरुजींचा खून झालाय, आणि त्यांचा पुतळा उभा आहे. माणूस खाली उतरत गेला, त्याची प्रतिमा वर चढत गेली. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभं राहण्याची पाळी येते. वहीत दोन रांगा करा, एक माणसाची, एक प्रतिमेची. त्या एकमेकींना छेदतात तिथून पुढचं कथानक कसं उलगडतं ते दिसेल. आमच्या मते मराठीतल्या सर्वांत घट्ट विणलेल्या कथांपैकी ही एक आहे. गाण्यांच्या लोकप्रियतेत हे विसरलं जातं.

तिसरी बैठक: तीन मिनिटं, पाच वेळा

यादीतून एकच दृश्य निवडा. तीन मिनिटांपेक्षा मोठं नको, त्यात निदान दोन माणसं हवीत, आणि ते तुम्हाला न बघता आठवलेल्या दृश्यांपैकी असावं. आता ते पाच वेळा पाहायचं, दर वेळी वेगळ्या अटीवर.

पहिल्यांदा जसं आहे तसं. दुसऱ्यांदा आवाज बंद. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त ऐकत. चौथ्यांदा बोलणाऱ्याकडे अजिबात न पाहता, केवळ ऐकणाऱ्यावर नजर ठेवून. पाचव्यांदा विराम मोजत: वाक्य संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत मनात 'एक, दोन, तीन' म्हणा आणि आकडा वहीत टाका.

आवाज बंद करून 'संत तुकाराम'मधलं देवळाचं दृश्य पाहा. आवली निघाली आहे. एका हातात पोराचं बखोट, दुसऱ्या हातात वहाण. देवाला वहाणेने बडवायला निघालेली बाई ही एवढी एक कल्पनाच नटीला बुडवू शकली असती. थोडं कमी पडलं तर खोटं, थोडं जास्त झालं तर तमाशा. आवली झालेल्या गौरीने ते पेललंय चालण्यात. पाय भराभर पडतात ते रोज शेण-पाणी करणाऱ्या बाईचे. ही बाई देवावर रागावली आहे, आणि रागावता येतं ते आपल्या माणसावरच, हे शब्दांविना कळतं. गौरी प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून आलेली, रंगभूमीची तालीम नसलेली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मात्र संगीत नाटकांत स्त्रीभूमिका केलेले नट. त्यांचं शांतपण आणि तिची धसमुसळी घाई एका चौकटीत आली की दोन शाळांचा अभिनय शेजारी-शेजारी दिसतो, आणि नवरा-बायकोचं न जुळणं आपोआप पटतं.

पाठ करून ऐकायला याच सिनेमातला सालोमालो घ्या. तुकोबांचे अभंग आपले म्हणून खपवणारा हा इसम. पागनीस गातात तेव्हा शब्द पुढे असतो. सालोमालो गायला लागला की गळ्याची करामत पुढे येते आणि शब्द मागे पडतो. खलनायकाची ओळख चेहरा न बघता, केवळ गायकीतून. जाता जाता: 'आधी बीज एकले' हे गाणं तुकोबांचं नव्हे. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं आहे, आणि अभंग म्हणून ते सहज खपून जातं.

चौथी अट, ऐकणाऱ्याकडे पाहण्याची, 'सामना'साठी राखून ठेवा. मास्तर बोलतोय, हिंदुराव ऐकतोय, असं कोणतंही दृश्य घ्या. निळू फुले सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आलेले, समोरचा प्रेक्षक हलकासा हलला तरी ओळखणारे. ते भुवई किती उचलतात, मान कधी वळवतात, डोळे कधी स्थिर होतात हे वहीत क्रमाने टिपा. मग तेच दृश्य उलटं: हिंदुराव बोलतोय आणि लागूंचा मास्तर ऐकतोय. दारूत बुडालेला माणूस ऐकतोय की नुसता बसलाय, हे लागू शेवटपर्यंत सहज कळू देत नाहीत. एक जण आवाज खाली आणून दबाव वाढवतो, दुसरा शब्द ओढत, अडखळत बोलून वेळ काढतो. विरामांचे आकडे शेजारी मांडले की त्या दृश्यात कोण कोणाला थांबायला लावतंय ते दिसतं. थांबायला लावणारा वरचढ. सिनेमा पुढे सरकतो तसे हे आकडे कुठे उलटतात ते शोधा.

विनोद

विनोदी दृश्याला पाचवी अट सर्वांत उपयोगी. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधलं "तुमचे सत्तर रुपये वारले" घ्या. लेखक वसंत सबनीसांच्या या वाक्यात गंमत क्रियापदात आहे. 'वारणे' आपण माणसांसाठी वापरतो, इथे ते पैशांना लावलंय. पण नुसता कागदावर हा विनोद स्मिताइतकाच. हशा येतो कारण अशोक सराफ ते दुःखाची बातमी द्यावी तशा गंभीर चेहऱ्याने सांगतात, आणि सुधीर जोशींच्या घरमालक सरपोतदाराला ती बातमी पोचायला वेळ लागतो. तो वेळ मोजा. मग मनातल्या मनात तो दुप्पट करून पाहा, निम्मा करून पाहा. दोन्हीकडे हशा मरतो. विनोदी नटाची निम्मी मेहनत समोरच्या नटाकडून करून घेतलेली असते, म्हणून लोकप्रिय संवादांचे तुकडे मोबाइलवर कापून फिरतात तेव्हा प्रतिक्रियाच कापली जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, यात एवढं काय.

कुठे चुकतं

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे जुन्या अभिनयाला सरसकट 'नाटकी' म्हणणं. तिसाच्या दशकात आवाज सेटवरच चित्रासोबत मुद्रित होत असे, आणि मायक्रोफोन लपवलेल्या जागेपासून नटाला फार लांब जाता येत नसे. गाणारे नट स्वतः गात. उभं राहण्याची जागा, शब्द फेकण्याची पद्धत यामागे ही कारणंही होती. केशवराव दात्यांचे काकासाहेब पाहताना आवाज क्षणभर बंद करा. नाटकी वाटणारं बरंचसं आवाजात आहे, चेहऱ्यावर नाही, हे लगेच कळेल.

उलट चूक साठ-सत्तरच्या दशकांनंतरच्या सिनेमांबाबत होते. तेव्हा बरेच संवाद चित्रीकरणानंतर स्टुडिओत डब केले जात. ओठ आणि शब्द किंचित सुटलेले दिसले की प्रेक्षक नटाला दोष देतो. आवाज आणि शरीर वेगवेगळ्या दिवशी काम करत होतं हे लक्षात ठेवून दोन्हींचं मूल्यमापन वेगळं करा.

तिसरी चूक भूमिकेवरचा राग नटावर काढण्याची. हिंदुराव पाहून निळू फुल्यांबद्दल चीड येणं ही त्यांना मिळालेली पावती आहे, पण वहीत 'दुष्ट' एवढंच लिहून पान उलटू नका. दुष्टपणा नेमका कोणत्या कृतीतून कळला ते लिहा: बसण्यातून, हसण्यातून, की नोकराकडे न बघता हात पुढे करण्यातून.

आणि रडू आलं म्हणजे अभिनय थोर, हेही पक्कं नाही. संगीत काढून पाहा. आवाज बंद केल्यावरही घसा दाटला तर श्रेय नटाचं आणि कॅमेऱ्याचं. नाही दाटला, तर श्रेयातला मोठा वाटा संगीतकाराला द्या.

चार-पाच जण मिळून करायचं असेल तर

कामं वाटून घ्या. एकाने फक्त हात पाहायचे, एकाने विराम मोजायचे, एकाने आवाज, एकाने ऐकणाऱ्याचा चेहरा, आणि एकाने मागे उभी असलेली गर्दी. हे शेवटचं काम कोणी मागून घेत नाही, ते सर्वांत तयार माणसाला द्या. बोलायला बसल्यावर आधी प्रत्येकाने दिसलेली एक कृती सांगायची, मत नंतर. "छान केलंय" या शब्दांना पहिल्या अर्ध्या तासात बंदी. शहरात मोठ्या पडद्यावर जुना सिनेमा लागला तर तिसरी बैठक त्यानंतर ठेवा. पुण्यात १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या खेळांवर त्यासाठी लक्ष ठेवा.

असा गट जमला की नागराज मंजुळेंचा 'फँड्री' काढा आणि डुक्कर पकडण्याच्या प्रसंगातला राष्ट्रगीताचा भाग लावा. डुक्कर हाताशी आलंय, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या थांबतो. मग सगळं घर जागच्या जागी उभं राहतं. संवाद नाही, हालचाल नाही. चालतं ते फक्त डुक्कर. आवाज बंद करून एकदा, आवाज लावून एकदा पाहा. गीत चालू असेपर्यंत सोमनाथ अवघडेचा जब्या आणि किशोर कदमांचा कचरू कुठे बघतायत, एवढंच प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं, आणि मग कागद शेजारी ठेवायचे.